कंपोस्ट बिछान्याचा गोठा : कोणी करावा, कसा सांभाळावा



पहाटे गोठ्यात पाऊल टाकले की आपल्या हाती पहिल्यांदा काय येते? खराटा आणि शेणाची पाटी. शेण भरायचे, नाली धुवायची, ओल्या फरशीवर पाय घसरणाऱ्या गायीला सावरायचे आणि मग धारेला बसायचे. तेच शेण उकिरड्यावर उन्हापावसात पडून राहते. मूत तर नालीवाटे केव्हाच निघून गेलेले असते. एवढी मेहनत करूनही गायीला बसायला कोरडी जागा मिळत नाही, आणि शेताला चांगले खतही मिळत नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारा एक प्रकार म्हणजे कंपोस्ट बिछान्याचा गोठा. रेडिओवर त्याची माहिती दिल्यावर आपली पुष्कळ पत्रे आली. बहुतेकांचा प्रश्न एकच : "शेण उचलायचेच नाही म्हणता, मग गाय चिखलात बसणार नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि उत्तर असे, की बिछाना रोज दोनदा उकरला नाही तर ती नक्कीच चिखलात बसेल. या पत्रकातले बाकीचे सगळे विसरलात तरी चालेल, पण हे एक वाक्य विसरू नका.

हा गोठा म्हणजे काय?

वर छप्पर, चारी बाजूंनी मोकळी हवा, आणि खाली दावण नाही, खुंटा नाही. लाकडाच्या भुशासारख्या कोरड्या पदार्थाचा एक ते दीड फूट जाड थर अंथरलेला असतो. गायी त्यावर मोकळ्या फिरतात, बसतात, रवंथ करतात. शेणमूत त्याच थरात पडते. ते उचलायचे नाही, पण दिवसातून दोन वेळा, गायी धारेला गेल्या की, सगळा थर फणाने उकरून खालीवर करायचा. शेणमूत भुशात मिसळते, थरात हवा शिरते आणि खत होण्याची क्रिया गायीच्या पायाखालीच चालू होते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या दूध उत्पादकांनी १९८० च्या दशकात असे गोठे वापरात आणले. मिनेसोटा राज्यात असा पहिला गोठा २००१ साली उभा राहिला आणि तिथून ही पद्धत पुष्कळ ठिकाणी गेली. इस्रायलच्या कोरड्या हवेत तर भुसाही न घालता, दर गायीला भरपूर जागा देऊन, नुसते वाळते शेणच उकरत राहतात.

पण यातले मूळ तत्त्व आपल्याला परके नाही. कोकणात गुरांखाली पातेरा टाकण्याची रीत जुनीच आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या इंदूर पद्धतीतही गुरांखाली काडीकचरा अंथरून, तो शेणमुतात भिजवून, मग खताच्या ढिगाला नेत असत. फरक इतकाच, की तिथे खत बाहेरच्या ढिगात होई आणि इथे ते गोठ्यातच होते.

ओल जाते कुठे?

आता जरा हिशेब करू. चारशे किलो वजनाची संकरित गाय दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के, म्हणजे ३२ किलोच्या आसपास शेणमूत टाकते. त्यात २७ ते २८ किलो नुसते पाणीच असते. दहा गायी असल्या तर रोज पावणेतीनशे लिटर पाणी झाले. दोनशे लिटरचे एक पिंप धरले, तर जवळजवळ दीड पिंप पाणी आपण रोज गोठ्यात ओततो आहोत. हे पाणी गेले नाही, तर आठवडाभरात राडा होणारच.

ते घालवणाऱ्या दोन गोष्टी आहेत : ऊब आणि वारा. थरातले सूक्ष्म जीवाणू भुसा आणि शेण खातात, त्यांच्या क्रियेने उष्णता तयार होते. चांगल्या चाललेल्या बिछान्यात अर्धा ते एक फूट खोल ४५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता असते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वारा ती बाहेर नेतो. हिवाळ्यात पहाटे उकरताना ही वाफ डोळ्यांनी दिसते.

"मग गाय भाजणार नाही का?" असेही एका बंधूंनी विचारले आहे. नाही. वरचा इंच-दोन इंचाचा थर हवेला उघडा असल्यामुळे हवेइतकाच राहतो. उष्णता असते ती पोटात.

थोडक्यात, हा बिछाना म्हणजे चूल समजा. भुसा तिचे सरपण आणि उकरणे म्हणजे फुंकर. फुंकर थांबली की चूल विझते. मग जीवाणूंना हवा मिळत नाही, थर थंड पडतो, पाणी साचते, वास सुटतो, माश्या होतात आणि गायी बरबटतात.

जागा आणि बांधणी

दर गायीला बसण्या-फिरण्यासाठी बिछान्याची १०० चौरस फूट जागा धरा. म्हणजे दहा गायींना १००० चौरस फूट. यात चारा खाण्याची जागा मोजायची नाही, ती वेगळी. जागेत काटकसर करून दहाच्या ठिकाणी चौदा गायी घातल्या, तर पाणी चौदा गायींचे आणि ते वाळवणारी जागा दहाचीच. असा गोठा टिकत नाही.

जागा उंचवट्याची निवडा. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट वर घ्या आणि बाहेरून चर काढा. पावसाचे पाणी खालून झिरपले, तर वरून कितीही उकरा, उपयोग नाही. तळाला मुरूम-माती घालून, पाणी मारून, धुमसून घट्ट करावी. सिमेंटचा कोबा केला तरी चालतो.

बिछान्याच्या भोवती तीन फूट उंचीची मजबूत भिंत हवी, कारण वर्षभरात थर दोन-तीन फुटांपर्यंत चढतो. भिंतीच्या वर आडवे पाइप लावावेत. तिथे भिंत बांधून वारा कोंडू नये. छप्पर उंच, कडेला निदान १२ ते १४ फूट असावे आणि आढ्याला वाफ निघून जाण्यासाठी फट ठेवून तिच्यावर टोपी बसवावी. पागोळ्यांचे पाणी आत येऊ नये म्हणून छप्पर बाहेर तीन फूट काढावे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचे ऊन फारसे आत येत नाही.

एका लांब बाजूला गव्हाण आणि गव्हाणीपुढे १० ते १२ फूट रुंदीचा सिमेंटचा पट्टा ठेवा. तिथले शेण मात्र नेहमीप्रमाणे रोज उचलायचे. पाण्याचा हौद याच पट्ट्याकडून पिता येईल असा बांधा. बिछान्याच्या बाजूने गायीला हौदाशी जाता येता कामा नये. पाणी सांडून तेवढाच कोपरा नासतो आणि तिथून नासाडी सगळीकडे पसरते.

बिछाना कशाचा करावा?

उत्तम म्हणजे सुताराच्या किंवा लाकूड गिरणीतला कोरडा भुसा व बारीक रंधाकाम. तो मूत चांगले शोषतो, सहज उकरला जातो आणि लवकर संपत नाही. भुसा कोरडाच घ्या. ओल्या, हिरव्या लाकडाच्या भुशात कासेला रोग करणारे जंतू वाढतात. प्लायवूडचा, रंगाचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा नको. खिळे आणि टोकदार ढलप्या निवडून काढा.

भुसा पुरेसा मिळत नसेल तर सोयाबीनचे भुसकट (कोणी त्याला गुळी म्हणतात, वऱ्हाडात कुटार) बारीक करून त्यात मिसळता येते. उसाची चिपाडे किंवा पाचट घालायचे तर ते यंत्रातून बारीक करून, खणखणीत वाळवूनच घाला. आंबूस वास येणारी ओली चिपाडे गोठ्यात आणू नका. भाताचे तूस मिसळायला चालते, पण ते पाणी कमी शोषते आणि लवकर कुजत नाही, म्हणून एकट्या तुसाच्या भरवशावर राहू नये. लांब कडबा, सरमड, भाताचा पेंढा यांचा उपयोग नाही. ते फणात गुंततात, खाली चटईसारखे बसतात आणि हवा अडवतात.

दहा गायींसाठी १००० चौरस फुटांवर एक फूट थर म्हणजे १००० घनफूट, अर्थात सुमारे २८ घनमीटर भुसा झाला. कोरडा भुसा घनमीटरला दोनशे किलोच्या आसपास धरला, तर पहिल्या भरणीलाच साडेपाच टन लागतो. पुढेही वर्षभर तो घालत राहावे लागते. म्हणून आधी भुसा कुठून आणि काय भावाने मिळेल ते विचारून या, मग गवंड्याला बोलवा. उलटे करू नका.

रोजचे काम

१. सकाळी व संध्याकाळी गायी धारेला नेल्या की सगळा बिछाना ८ ते १२ इंच खोल उकरा. लहान ट्रॅक्टरचा फण किंवा पॉवर टिलर चालेल. कोपरे आणि भिंतीच्या कडा यंत्राला साधत नाहीत, तिथे कुदळ व दाताळे घ्या.

२. उकरल्यानंतर गायी लगेच आत सोडू नका. तासभर गव्हाणीवर चारा खाऊ द्या. तेवढ्यात वरचा थर वाऱ्याने सुकतो. पंखे असतील तर याच वेळी लावा.

३. ओल वाढली की कोरड्या भुशाचा दोन ते चार इंचांचा नवा थर घाला. उन्हाळ्यात चार-पाच आठवड्यांनी, तर पावसाळ्यात कधी आठवड्यालाही घालावा लागतो. तारीख बघू नका, बिछाना बघा.

सणवार असो, लग्न असो, यात्रा असो, उकरणे चुकता कामा नये. घरात दोन माणसांना तरी हे काम आले पाहिजे.

हाताची परीक्षा

अर्धा फूट खालचा मूठभर बिछाना हातात घेऊन दाबा. बोटांतून पाणी ठिबकले तर फार ओला, आजच भुसा घाला. गोळा झाला, हात नुसता ओलसर झाला आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटला, तर बिछाना बरोबर आहे. गोळाच होत नसेल आणि धूळ उडत असेल तर तो फार कोरडा, अशा बिछान्यात ऊब धरत नाही आणि गायी ठसकतात.

दुसरी परीक्षा सळईची. लोखंडी सळई फूटभर खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोक हाताला चांगले गरम लागले पाहिजे. थंड लागले तर चूल विझली म्हणून समजा. लांब दांड्याचा तापमापक मिळाला तर फारच उत्तम.

तिसरी परीक्षा नाकाची. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर शेणमूत जास्त आणि भुसा कमी झाला आहे. खताचे नत्र हवेत उडून चालले आहे. भुसा घाला.

आणि चौथी, सगळ्यांत सोपी : गायीची मांडी आणि कास बघा. तिथे बिछाना चिकटून राहिला असेल, तर गायच तुम्हाला सांगते आहे की ओल झाली.

पावसाळ्याची खरी कसोटी

आता एक अनुभव सांगतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी, कमी पावसाच्या भागात, एका शेतकरी बंधूंनी बारा गायींसाठी असा गोठा केला. दिवाळीत सुरू केला. हिवाळा, उन्हाळा असा काही गेला की शेजारच्या गावची माणसे बघायला येत. त्या भरात त्यांनी आणखी तीन गायी आणून त्याच जागेत सोडल्या. श्रावणात झड लागली आणि नेमका टिलर बिघडला. "चार दिवसांनी दुरुस्त होऊन येईल," म्हणून थांबले ते आठ दिवस झाले. कोरडा भुसा घरात नव्हता, आणि गिरणीवरचा भिजलेला.

मी गेलो तेव्हा बिछाना थंडगार होता, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जाई. दोन गायींना दगडी झाली. पशुवैद्यकांनी उपचार केले, एक गाय सुधारली, पण दुसरीचा एक सड कायमचा आटला. त्या घरच्या बाई मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, गोठा कसा बांधायचा ते सांगितलंत, पावसाळ्याचं नाही सांगितलंत." खरेच होते ते. मी भुशाचा साठा करायला सांगायला हवे होते.

पुढे त्यांनी वरचा अर्धा फूट राडा काढून टाकला, जादा गायी दुसरीकडे बांधल्या, लांबून कोरडा भुसा आणला आणि उघडीप मिळेल तसे दिवसातून तीन वेळा उकरले. दोन आठवड्यांनी सळईचे टोक पुन्हा गरम लागले. गोठा आजही चालू आहे. पण सडाचे नुकसान भरून आले नाही.

म्हणून पावसाळ्यासाठी हे नियम लिहून ठेवा :

पहिला बिछाना दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान सुरू करावा. जूनमध्ये कधीही सुरू करू नये, ओल्या हवेत चूल पेटतच नाही. मृग लागण्यापूर्वी निदान तीन महिने पुरेल इतका कोरडा भुसा छपराखाली साठवा. पावसाच्या तोंडच्या बाजूला गोणपाटाचे किंवा ताडपत्रीचे पडदे बांधा, पण पाऊस थांबला की लगेच गुंडाळा. टिलर उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्या. आणि पावसाळ्यात गायींची संख्या वाढवू नका.

कासेची काळजी

मऊ बिछान्यावर गाय निवांत बसते. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसली पाहिजे. बसलेल्या गायीच्या कासेकडे रक्त जास्त जाते, रवंथ चांगले होते. गुडघ्या-ढोपराच्या जखमा आणि खुरांचे त्रास कमी होतात. हे सगळे खरे. पण लक्षात ठेवा, बिछाना कोरडा असला तरी त्यात जंतू असतातच. जीवाणूंच्याच जोरावर तो चालतो. म्हणून या गोठ्यात धारेची स्वच्छता नेहमीपेक्षा जास्त पाळावी लागते.

धारेपूर्वी सड स्वच्छ करा आणि प्रत्येक गायीला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या सडाची धार काढू नका. पहिल्या चिळकांड्या वेगळ्या भांड्यात काढून दुधात गुठळ्या आहेत का ते बघा. धार झाल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून चारा त्याच वेळी टाका. व्यायला झालेली गाय आणि लहान वासरे यांना या बिछान्यावर ठेवू नका. त्यांना वेगळी, स्वच्छ, कोरडी जागा द्या.

खत

जनावराने टाकलेल्या नत्रापैकी जवळपास निम्मे आणि पालाशाचा बराच मोठा भाग मुतात असतो. फरशीच्या गोठ्यात तो नालीवाटे जातो. इथे तो बिछान्यात मुरतो. वैशाखात, खरिपाच्या मशागतीच्या वेळी, बिछाना काढावा. सगळा खरवडून काढू नका. तळाचा अर्धा फूट थर विरजणासारखा राहू द्या आणि त्यावर नवा कोरडा भुसा घाला. दुधाला विरजण लागावे तशी नव्या थराला ऊब लवकर लागते आणि मृगाच्या आत बिछाना तापून तयार होतो.

काढलेल्या खतात भुसा अर्धवट कुजलेला दिसला, तर लगेच पिकाला देऊ नका. कच्चा भुसा जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. असे खत ढीग करून, ओलावा राखून, आणखी दोन-तीन महिने कुजवा आणि रब्बीला वापरा.

कोणी करू नये?

दोन-तीन गायी असतील, तर यंत्राचा आणि भुशाचा खर्च परवडणार नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे चार महिने हवा वाळत नाही, तिथे हा प्रकार करू नये. जवळपास कोरड्या भुशाची सोय नसेल, किंवा रोज दोनदा उकरायला घरी माणूस नसेल, त्यांनीही करू नये. अशा बंधूंनी कुंपण घातलेला, थोडी सावली आणि मुरमाचे मोकळे अंगण असलेला साधा मुक्त गोठा करावा. त्यात कमीपणा काही नाही. गायीला मोकळीक आणि कोरडी जागा मिळाली की झाले.

आठ-दहा गायी आहेत, पाऊस बेताचा आहे, भुसा मिळतो आहे आणि घरातली दोन माणसे मनावर घेणारी आहेत, त्यांनी मात्र जरूर विचार करावा. आधी चालू असलेला एखादा गोठा बघून या. तोही जानेवारीत बघू नका, ऑगस्टमध्ये बघा. भर पावसात ज्याच्या गायींच्या मांड्या स्वच्छ दिसतील, त्याच्याकडून शिका.

हे पत्रक गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवा. आपले अनुभव आणि अडचणी पत्राने जरूर कळवा. विशेषतः जिथे फसले तेही कळवा, म्हणजे पुढच्या शेतकऱ्याची एक गाय तरी वाचेल.